मुलाबाळांसाठी उत्तम परिसर

७ जानेवारी, रविवार. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं.

पलंगावर मांडी घालून बसलो आहे आणि नव्या पट्टीने वहीत रकाने आखत आहे. वरच्या पलंगावर माझ्याच खोलीत राहणारा वेल्डर घोरतो आहे. आजपासून एरिया-शोध सुरू.

बायको आणि भिंगरी चोवीस फेब्रुवारीला येणार. सोबत सासरे, सहा महिन्यांसाठी. बाबांना एकटं टाकून मी कशी येऊ, असं बायको म्हणाली, आणि मी लगेच हो म्हणालो, कारण फोनवर नाही म्हणायला मला जमत नाही.

मला या देशात कामाला येऊन चौदा महिने झाले. आलो तेव्हा भिंगरी साडेचार वर्षांची होती. आता ती मला 'फोनमधले बाबा' म्हणते. शाळेत बाबांचं चित्र काढायला सांगितलं, तर तिने मोबाइल काढला आणि त्याला मिशा काढल्या. बाईंनी दहापैकी सात दिले म्हणे.

हे थांबवायचं आहे. घर असं हवं की सगळं एकदम सुरळीत. बायकोच्या अटी दोनच. एक, भिंगरीला खेळायला चार पोरं हवीत. दोन, शाळा पायी जाण्यासारखी हवी. बाकी घर कसंही चालेल, म्हणाली. पोर तिथे एकटी पडली तर मी पुढच्या विमानाने परत येईन, हेही म्हणाली. ती असं म्हणते तेव्हा करते.

चारच पोरं! माझी तयारी चारशेची आहे.

लोक ओळखीने घर घेतात आणि मग पस्तावतात. मी कुणालाही काही विचारणार नाही. स्वतःच्या डोळ्यांनी सर्वे करणार. शंभर पॉइंट. सुरक्षितता, स्वच्छता, शांतता, शेजार, लिफ्ट. मी लिफ्ट मेकॅनिक आहे, आणि बिल्डिंगची अवलाद लिफ्टवरून कळते हा माझा नऊ वर्षांचा अनुभव आहे.

वेल्डर उठला. वही बघून म्हणाला, एवढं कशाला, शाळा सुटताना गेटवर उभा राहा आणि पोरं जातील तिकडे त्यांच्या मागे जा. मी म्हणालो, तसं केलं तर पोलीस फुकट जागा देतील, तीही सिंगल.

शिक्षण माझ्यापेक्षा जास्त आहे त्याचं. उपयोग बघा.

१४ जानेवारी, रविवार. दुपार.

एरिया क्रमांक एक. भयंकर.

फुटपाथवर खडूने चौकटी आखलेल्या. जिन्यात सायकली. गॅलरीत दोऱ्यांवर इवले इवले मोजे. उतरल्यापासून तीन मिनिटांत कानावर चेंडू बसला. फेकणारा हसला, त्याची आईही हसली. लिफ्टमध्ये शिरलो तर दोन पोरांनी सगळी बटणं एकदम दाबून पळ काढला. प्रत्येक मजल्यावर थांबत वर गेलो, तसाच खाली आलो. दाराच्या खाचेत च्युइंगम. पाहून जीव कळवळला.

सगळीकडे पोरंच पोरं. अशा वातावरणात मूल वाढवणं अशक्य आहे.

शंभरपैकी अकरा. रद्द.

२१ जानेवारी, रविवार.

एरिया क्रमांक दोन. काचेचे टॉवर. लिफ्ट स्वतः बोलते आणि थांबताना पोटात कालवत नाही. ब्याण्णव पॉइंट. भाडं विचारलं. माझा पगार आणि त्याचं भाडं अगदी जुळी भावंडं, फक्त भाडं थोडं थोरलं.

बायकोचा फोन. एक जागा विचाराधीन आहे म्हणालो. भाडं किती, म्हणाली. नेटवर्क गेलं म्हणालो.

२८ जानेवारी, रविवार.

एरिया क्रमांक तीन. रस्ता रुंद, झाडं भरपूर, आणि पाचांपैकी तिघांच्या हातात बाबागाडी. मनात म्हटलं, मिळालं! एका बाबागाडीत वाकून मी कौतुकाने टाळी वाजवली आणि गालाला हात लावायला गेलो. आत कुत्रा होता. स्वेटर घातलेला.

दुसरीतही कुत्रा. तिसरीत बघायचं धाडस झालं नाही.

चाळीस पॉइंट. त्यातले दहा माझ्या वागणुकीबद्दल कापले. करंगळीला टिटॅनसचं इंजेक्शन... म्हणजे करंगळीमुळे इंजेक्शन. ते दिलं दुसरीकडे.

३१ जानेवारी, बुधवार.

चोवीस तारीख जवळ आली. वेल्डर म्हणाला, झालं का घर? मी म्हणालो, निवडीची प्रक्रिया अंतिम टप्प्यात आहे. म्हणाला, म्हणजे नाही झालं.

१ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळ.

घाईत लिहितो आहे, अक्षर बिघडलं तर बिघडो. सापडलं!!

शोधायला गेलोच नव्हतो. कामावर होतो. सुपरवायझरने पाठवलं: नदीच्या बाजूला चार बिल्डिंगची कॉलनी आहे, लिफ्टचं दार फार लवकर मिटतं अशी तक्रार. जाऊन मोजलं तर दार आठ सेकंद उघडं राहतं. इतर ठिकाणी चार राहिलं तरी लोक बटण दाबून दाबून ते मिटवतात. मी म्हणालो, आठ पुष्कळ झाले. तिथल्या ऑफिसबाईने हातांनी खूण केली: अजून, अजून. शेवटी पंधरावर सेट केलं. मूल दप्तर, डबा, वॉटरबॅग सांभाळत आत येईपर्यंत दार थांबणार! मुलांचा एवढा विचार मी कुठल्या बिल्डिंगमध्ये पाहिला नाही.

लिफ्टची बटणं खाली, माझ्या कमरेला. आत बसायला छोटी घडीची सीट. जिना सोडला तर पायरी म्हणून कुठे नाही, सगळीकडे उतार, म्हणजे बाबागाडीसाठी. व्हरांड्यात दोन्ही बाजूंना धरायला दांडा, म्हणजे चालायला शिकणाऱ्या मुलांसाठी. फरशी घसरत नाही, मी मुद्दाम पळून पाहिलं. गाड्या इतक्या हळू जातात की एकीला मी चालत मागे टाकलं. बागेत रंगीत रंगीत यंत्रं: हाताने फिरवायची चाकं, पायाने ढकलायच्या पाट्या. झोपाळा दिसला नाही. दुरुस्तीला गेला असणार.

आणि गेटवर अ‍ॅम्ब्युलन्स. कायमची उभी! पोराने गुडघा फोडला की लगेच.

असा परिसर असतो हेच मला माहीत नव्हतं. जिन्याने नाचत उतरलो. जिना वापरणारा मी एकटाच होतो.

२ फेब्रुवारी, शुक्रवार.

संकल्प: भावनेच्या भरात निर्णय घ्यायचा नाही. रविवारी वही घेऊन रीतसर सर्वे. तोवर कुणाला सांगायचं नाही.

वेल्डरला सांगितलं.

४ फेब्रुवारी, रविवार.

सत्त्याण्णव पॉइंट. तीन मुद्दाम कापले, दृष्ट लागू नये म्हणून.

बाकच बाक, आणि प्रत्येक बाकावर आजी-आजोबा. कुणी विणतंय, कुणी पत्ते पिसतंय, कुणी नुसतंच उन्हात डोळे मिटून. मी मोजायला लागलो आणि पन्नासनंतर सोडून दिलं. इथेच माझा अनुभव कामी आला. दुसरा कुणी म्हणाला असता, इथे म्हातारी माणसं फार. मी विचार केला: आजोबा आहेत म्हणजे मुलगा-सून आहेत. मुलगा-सून आहेत म्हणजे नातवंडं आहेत. आमच्या घरी आजोबा बाकावर बसायचे ते कशाला? आम्ही पाच जण अंगणात धुडगूस घालायचो, त्यावर नजर ठेवायला. एका आजोबांमागे सरासरी अडीच नातवंडं धरली, तर नुसत्या त्या बागेमागे सव्वाशे पोरं! घरात अभ्यासाला बसलेली. किती शिस्त!

पुरावाही मिळाला. कोपऱ्यावरच्या दुकानात छतापर्यंत डायपरची पाकिटं. साइज बघितली, माझ्याही बापाला होईल. इथली मुलं अंगाने धष्टपुष्ट असणार. हवा-पाणी चांगलं.

आणि प्रत्यक्ष मुलंही पाहिली! सात-आठ. रविवार असून इस्त्रीचे कपडे, केस विंचरलेले, हातात फुलं किंवा खाऊचा डबा. आजीसमोर अगदी नीट बसली होती, घड्याळाकडे बघत. पाच वाजले तशी सगळी गाड्यांत बसून निघून गेली. बहुतेक क्लासला.

वेल्डरला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाला, एवढे म्हातारे एका जागी मी फक्त पेन्शनच्या रांगेत पाहिलेत. मग म्हणाला, पोरांचा आवाज आला का? मी म्हणालो, आवाज येत नाही हेच तर वैशिष्ट्य आहे. म्हणाला, धन्य आहेस बाबा, आणि कूस बदलली.

काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. त्याच्याशी बोलणं बंद.

६ फेब्रुवारी, मंगळवार.

वेल्डरकडून शंभर उसने घेतले. बोलणं सुरू.

अर्धी सुट्टी टाकून ऑफिसबाईकडे गेलो. तिची भाषा मला कामापुरती येते: दार, दोरी, मजला, उद्या येतो. तरी जमलं. एक फ्लॅट रिकामा आहे, दोन खोल्या, तिसरा मजला. पण नियम असा की घर साठीच्या वरच्या माणसाच्या नावावरच मिळतं.

मला भरून आलं. परक्या मुलुखात, घराचा मान वडीलधाऱ्याला! आपल्याकडे बोलतात सगळे, करतं कोण? मी म्हणालो, आहेत, सासरे आहेत, येत आहेत. तिने विचारलं, आणि तुम्ही? मी छातीवर हात ठेवून म्हणालो, मी जावई, सगळं मी बघणार. भाडं, औषधं, सगळं मी.

ऑफिसबाई माझ्याकडे बघतच राहिली. मग आतून तिने दुसऱ्या बाईला बोलावलं आणि मला दाखवलं. दोघी हळहळल्यासारखं काहीतरी म्हणाल्या. फोटो काढला. तो बोर्डावर लावणार आहेत म्हणे.

लायकी ओळखणारी माणसं अजून आहेत.

९ फेब्रुवारी, शुक्रवार.

सासऱ्यांना फोन. ते बस डेपोत टाइमकीपर होते. रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी फोन घेतल्यावर आधी माझी वेळ सांगतात आणि मग त्यांची. पासपोर्टची कॉपी मागितली.

म्हणाले, जावयाने सासऱ्याचे कागद मागितले की समजावं, काहीतरी विकायला निघालाय. मी म्हणालो, मामा, विकत नाही, तुमच्या नावावर घर घेतोय भाड्याने. मग म्हणाले, माझ्या नावावर आजवर फक्त एक सायकल होती, जावईबापू. आवाज जरा वेगळा आला. मग लगेच म्हणाले, ठेवा आता, तुमचे पैसे जातायत.

मागून बायको ओरडली, पोरं आहेत का तिथे? मी म्हणालो, अंदाजे सव्वाशे. ती म्हणाली, अंदाजे म्हणजे? पण मामांनी फोन ठेवला होता.

१२ फेब्रुवारी, सोमवार.

अ‍ॅग्रीमेंट झालं! एक वर्षाचं, मध्ये सोडता येत नाही. मला सोडायचंच कुठे आहे? पहिल्या जागी सासऱ्यांचं नाव. खाली 'सोबत राहून काळजी घेणारा नातेवाईक' अशी जागा होती, तिथे माझी सही. झोकात केली, र ची शेपटी लांबवली. ऑफिसबाईने माझा हात दोन्ही हातांत धरला.

बोर्डावर माझा फोटो लागला आहे. शेजारी रक्तदाब तपासणीची नोटीस.

१५ फेब्रुवारी, गुरुवार.

किल्ली मिळाली. बाथरूममध्ये धरायला दांडे आणि एक लाल दोरी. लिफ्टमधला अलार्म असतो तसं काहीतरी असणार, मूल आत अडकलं तर ओढायला. आमच्या धंद्याचा नियम आहे: चालवून बघितल्याशिवाय सही करायची नाही. ओढली.

दोन मिनिटांत दोन नर्स आणि एक स्ट्रेचरवाला! आमच्या कंपनीला अडकलेल्या माणसापर्यंत पोहोचायला चाळीस मिनिटं लागतात, तेही सुपरवायझर मूडमध्ये असला तर. मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी वाजवल्या नाहीत. माझं बीपी बघून गेले. जास्त निघालं.

शंभरपैकी शंभर.

१८ फेब्रुवारी, रविवार.

छोटा पलंग आणला, गुलाबी. डोक्यावर घेऊन गेटातून शिरलो. रोज टोपी घालून बसणारे एक आजोबा आहेत, त्यांनी खुणेने विचारलं, कुणासाठी? मी हात कमरेइतका धरून दाखवला: एवढी उंची. त्यांनी विचारलं, तुझे ते सासरे? सासरेही येणार का असं विचारत असतील, म्हणून मी जोरात मान हलवली. टोपीवाल्या आजोबांनी स्वतःच्या पाठीचा बाक दाखवला, माझ्या खांद्यावर थोपटलं, आणि बाकावरच्या सगळ्यांना काहीतरी सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

शेजार अत्यंत मायाळू.

शाळेची चौकशी बाकी आहे. जवळच असणार. एवढ्या मुलांची सोय केल्याशिवाय कोण राहील?

२४ फेब्रुवारी, शनिवार.

आले!

विमानतळावर भिंगरी आईच्या मागे लपली. मी खाली बसलो. तिने एक बोट पुढे करून माझी मिशी दाबून पाहिली. मग आईला म्हणाली, खरी आहे. त्यानंतर जी बोलायला लागली ती टॅक्सीत, लिफ्टमध्ये, जेवताना, झोपेपर्यंत. एका जागी थांबत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणतात. आता मलाही गरगरतंय.

बायको घरभर फिरली. दांड्यांना हात लावून पाहिला. म्हणाली, घर छान आहे. मग म्हणाली, दवाखान्यासारखं का वाटतंय? मी म्हणालो, स्वच्छतेमुळे.

मामांनी दारावरची स्वतःच्या नावाची पाटी पाहिली. रुमालाने पुसली.

२५ फेब्रुवारी, रविवार.

दिवस कसा गेला सांगता येत नाही. नुसती धमाल.

सकाळी भिंगरी दोरीवरच्या उड्या मारत बागेत उतरली. पहिल्या बाकावरच्या आजींचं विणकाम हातातून पडलं. पत्ते थांबले. काठ्या, वॉकर, चाकांच्या खुर्च्या, चारी बाजूंनी सगळे निघाले. इतक्या वेगाने ही माणसं हलताना मी पाहिली नव्हती. भिंगरी मध्ये, भोवती कडं. एकजण उड्या मोजतोय, दुसरा मोजताना चुकला म्हणून तिसरा भांडतोय. तिने त्यांना लपाछपी शिकवली. टोपीवाले आजोबा एवढे छान लपले की अर्धा तास सापडले नाहीत, आणि सापडले तेव्हा झोपले होते.

दुपारी इस्त्रीची मुलं आली. भिंगरीने त्यांच्यातल्या दोघांची इस्त्री घालवली. पाच वाजता ती गाडीत बसून गेली. भिंगरी गेटपर्यंत धावली आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत उभी राहिली. म्हणाली, बाबा, ती कुठे गेली? मी म्हणालो, क्लासला.

बायको माझ्याकडे बघत होती. म्हणाली, अहो, इथे राहणारी पोरं कुठायत? मी म्हणालो, आज रविवार. ती म्हणाली, रविवारी पोरं घरी असतात. मी म्हणालो, तेच तर, घरी असतील. तिने बिल्डिंगच्या खिडक्यांकडे बघितलं. प्रत्येक खिडकीत एक कुंडी आणि एक आजी.

उद्या दिसतील मुलं. आज थकली असणार.

२६ फेब्रुवारी, सोमवार.

ऑफिसबाई कुंडी घेऊन आली, मामांच्या स्वागताला. आधी तिने मामांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि त्यांची उंची पाहून फार खूष झाली. मग बायकोला विचारलं, तुम्ही दोघी पाहुण्या किती दिवस आहात?

बायकोने मोबाइलवर भाषांतराचं बटण दाबून तिला पुन्हा बोलायला लावलं. मोबाइल स्वच्छ आवाजात बोलला: ही ज्येष्ठांची वसाहत आहे. साठीच्या आतल्या पाहुण्यांना चौदा दिवस राहता येतं. लहान मुलांचं येणं आम्हाला फार आवडतं, पण राहणं चालत नाही. काळजी घेणारा जावई मात्र कायम राहू शकतो. असा जावई आम्ही पाहिला नाही.

मीही पाहिला नाही, बायको म्हणाली. चपला काढून सोफ्यावर बसली.

मामा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग सगळेच. सव्वाशे पोरं! सव्वाशे! ठसका लागला म्हणून बाथरूममध्ये पाणी प्यायला गेले, हसता हसता तोल जायला लागला आणि आधाराला त्यांनी जे धरलं ते लाल होतं. दोन मिनिटांत नर्स. स्ट्रेचर. नर्सनी विचारलं, काय होतंय? मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

माझा सर्वे चुकला नाही. सर्वेत वयाचा रकाना नव्हता, एवढंच.

२७ फेब्रुवारी, मंगळवार.

बायको बॅगा उघडत नाही. भिंगरीला म्हणाली, तुझ्या वस्तू पसरू नकोस. चौदातले चार दिवस गेले. मी नवे रकाने आखायला घेतले, तिने पट्टी काढून घेतली. म्हणाली, तुम्ही चौदा महिन्यांत एका तरी आईला तोंड उघडून विचारलंत का, बाई, तू पोरं घेऊन कुठं राहतेस? मी म्हणालो, असं विचारून खरी माहिती मिळत नाही.

कामावर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून बराच वेळ बसलो. काम वरच्या मजल्यावर होतं.

२९ फेब्रुवारी, गुरुवार.

बायको भिंगरीला घेऊन बागेत गेली. भाषा एक अक्षर येत नाही. भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवायची, आजीकडे बोट दाखवायची, आणि दोन्ही हात पसरायची: तुमची अशी कुठं आहेत?

बस्स. पाकिटं उघडली. फोटो निघाले. पोरंच पोरं, दात पडलेली, दात आलेली, सायकलवर, बादलीत. सव्वाशे नसतील पण शंभराला मरण नाही. नातवंडं होतीच! माझं गणित बरोबर होतं, फक्त ती दुसरीकडे राहत होती. आणि बायको सांगते, दहा जणांनी हात केले त्यातले आठ एकाच दिशेला: पाण्याच्या टाकीपलीकडे. टोपीवाल्या आजोबांची मुलगी तिथेच राहते. तिच्या घरावर दोन खोल्या रिकाम्या आहेत.

म्हणजे माझ्या सर्वेचा हा पुढचा टप्पाच झाला. बायकोला तसं म्हणालो. ती म्हणाली, जेवून घ्या.

२ मार्च, शनिवार.

सगळे गेलो. बस कुठली, कुठे बदलायची, हे मामांनी स्टॉपवरचा नकाशा नुसता बघून सांगितलं. भाषा नको, म्हणाले, बस सगळीकडे बसच असते. आमची बस दोन मिनिटं उशिरा आली तेव्हा त्यांनी ड्रायव्हरकडे असं पाहिलं की तो सॉरी म्हणाला.

पाण्याच्या टाकीपलीकडे गल्ली. गल्लीत आरडाओरडा. मी वही उघडेपर्यंत बायकोने आजोबांच्या मुलीला मान डोलावून हो सांगितलंही होतं. शाळा मागच्या भिंतीला लागून. मी भिंगरीला शोधायला खाली गेलो तर ती दहा-बारा पोरांत, कुणाच्या तरी पाठीवर बसून, त्यांच्या भाषेत ओरडत होती. भाषा कधी शिकली? मला पाहून म्हणाली, बाबा, तुम्ही वर थांबा ना, आम्ही खेळतोय.

जिना उतरताना बायको पहिल्यांदा हसली. माझा हात धरला, लोक असताना.

जिंकलो!

४ मार्च, सोमवार.

ऑफिसबाईकडे अ‍ॅग्रीमेंट रद्द करायला गेलो. वर्षाचं आहे, ती म्हणाली. मामांना म्हणालो, मामा, तुम्ही तिकडे चला, इथलं भाडं बुडलं असं समजू. मामा म्हणाले, मी कशाला येऊ? पत्त्यांना तीन भिडू मिळालेत, दोघं रेल्वेतले आहेत. शिवाय पाटी माझी आहे.

ठीक. मामा इथे, आम्ही तिकडे. पण ऑफिसबाईने कागदावर बोट ठेवलं. मामांना बीपी आहे. काळजी घेणाऱ्याने सोबत राहायचं, रात्रीसुद्धा. सही माझी. र ची शेपटी लांबलचक.

पगारी माणूस ठेवायचा तर जवळजवळ भाड्याएवढाच खर्च. बायको म्हणाली, मग तुम्हीच राहा बाबांजवळ. सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. तिने हे फार प्रेमाने म्हटलं. इतक्या प्रेमाने की मी हो म्हणालो. समोरासमोरही मला नाही म्हणायला जमत नाही, हे नव्याने कळलं.

मामा परत गेल्यावर उरलेले सहा महिने मला इथे राहता येणार नाही, माझं वय भरत नाही. भाडं मात्र भरता येईल. त्याला वयाची अट नाही.

१० मार्च, रविवार.

गुलाबी पलंग डोक्यावर घेऊन टाकीपलीकडे पोहोचवला. संध्याकाळी मामांकडे परत.

भिंगरीला शाळा मिळाली. बायकोने बॅगा उघडल्या. परत जायचं नाव नाही. योजना शंभर टक्के यशस्वी, फक्त मी तिच्यात बसलो नाही.

१७ मार्च, रविवार. संध्याकाळ.

वेल्डर भेटायला आला. त्याला वाटलं घर बघायला. बघितलं. मामा पत्ते वाटत होते, मी त्यांच्या गोळ्या डबीत भरत होतो. वेल्डर दारावरची पाटी वाचून म्हणाला, सासऱ्याच्या घरी राहणारा म्हणजे घरजावई झालास की रे. मग आत डोकावून म्हणाला, घरजावई पुष्कळ पाहिले, पण त्यांच्याजवळ निदान बायको असते.

मामांनी पान टाकता टाकता मान डोलावली.

मी म्हणालो, ही तात्पुरती व्यवस्था आहे. हिशेब जुळला की उद्यापासून नवा प्लॅन. हिशेब:

खर्च. मामांच्या फ्लॅटचं डिपॉझिट १८००, भाडं ९००. टाकीपलीकडच्या खोल्यांचं डिपॉझिट ७००, भाडं ७००. गुलाबी पलंग १२०, नेणं-आणणं ४०. टिटॅनस २५. खोटा अलार्म, पहिला ५०. खोटा अलार्म, दुसरा (हसण्यामुळे) ५०.

देणं. सुपरवायझरला, दोन पगारांची उचल. वेल्डरला १०० आणि आज मागितले ते ६०. टोपीवाल्या आजोबांना, पत्त्यांत, ११.

मामांना: निम्मं वीजबिल, कारण घर त्यांचं आणि राहतो मी. खोलीचं भाडं माझ्याकडून किती घ्यायचं ते अजून ठरलेलं नाही. नात्यातले आहात, विचार करून सांगतो, म्हणाले.